आजोबांचा दाखला

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंची साठीशांत झाली. होमहवन, भोजन, आशीर्वाद हें सर्व यथासांग उरकल्यावर मंडळी ओटीवर पानसुपारीस बसली, तों बंधु हळूच उठून परसांत गेले आणि थोड्याच वेळांत सिगारेटीचा वास आंत येऊं लागला. त्यांची कन्या डॉक्टर आहे. ती म्हणाली, "बाबा, आज साठ पुरीं झालीं, आतां तरी सोडा." बंधूंचें उत्तर ठरलेलें आहे. "अग, आमचे आजोबा दिवसाला विड्यांचीं दोन बंडलें संपवीत, ब्याण्णवाव्या वर्षीं गेले, तेही विहिरीवर पाय घसरून!"

या उत्तरापुढें आमचें सारें घर आजवर निरुत्तर होत आलें आहे. असे एक आजोबा बहुतेक वाचकांच्या घराण्यांत असतील आणि त्यांच्या नांवावर काय काय खपविलें जातें हेंही वाचकांस सांगावयास नको. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें, त्यामुळें तर्कसंग्रहाशीं थोडाबहुत परिचय आहे. म्हणून त्या दिवशीं आम्ही मध्यें पडलों. धूम्रपान करणारा प्रत्येक मनुष्य अल्पायुषी होतो, अशी व्याप्ति कोणी सांगितली असती तर ती एकट्या आजोबांनीं मोडली असती. परंतु तशी व्याप्ति कोणीच सांगितलेली नाहीं. प्रश्न हजारांचा आहे आणि तो एकाच्या दाखल्यानें सुटत नाहीं. शिवाय आजोबांचे दोन धाकटे भाऊ त्याच बंडलांतील विड्या ओढीत आणि पन्नाशीच्या आंत खोकत खोकत गेले. त्यांचें नांव बंधूंच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. त्यांच्या तसबिरी देखील घरांत नाहींत.

हजारांचा प्रश्न हजारों माणसें मोजूनच सोडवावा लागतो. १९५१ सालीं रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रें पाठवून, तुम्ही तंबाखू ओढतां काय व किती ओढतां, अशी विचारणा केली. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचीं उत्तरें हिशेबांत धरलीं, आणि पुढें पन्नास वर्षें कोण केव्हां व कशानें गेला याची नोंद ठेवली. हिल १९९१ सालीं वारले. पन्नास वर्षांचा निकाल २००४ सालीं छापला गेला तेव्हां डॉल एक्क्याण्णव वर्षांचे होते. निकाल असा कीं, जन्मभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षां सरासरीनें सुमारें दहा वर्षें आधीं जातात. तिसाव्या वर्षीं सोडली तर तीं बहुतेक सर्व वर्षें पदरांत पडतात. चाळिसाव्या वर्षीं सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं तीन. हा शेवटला आंकडा पुतणीनें मुद्दाम सावकाश उच्चारला.

बंधु बँकेंत हिशेबनीस होते. ते इतक्यानें हटणारे नव्हेत. ते म्हणाले, "दादा, ओढणाऱ्यांना दुसऱ्याही वाईट संवयी असतील, त्यांनीं ते मेले नसतील कशावरून?" शंका उत्तम आहे, आणि नैयायिकांनीं तिला फार पूर्वींच नांव देऊन ठेवलें आहे: उपाधि. जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणतां येत नाहीं, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धुराला ओलें सर्पण लागतें. तें सर्पण ही उपाधि. माणसें मोजणाऱ्या शास्त्रज्ञांचें अर्धें आयुष्य असलें ओलें सर्पण हुडकण्यांतच जातें.

याचें आम्हांस फार आवडलेलें उदाहरण लंडनच्या बसगाड्यांचें आहे. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें कीं, दुमजली गाड्यांच्या ड्रायव्हरांपेक्षां कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सर्व वेळ बसून. कंडक्टर दिवसाला पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढणार. मुंबईस दुमजली बसमध्यें ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांस ती धांवपळ ठाऊक आहे. निष्कर्ष सरळ दिसतो. परंतु मॉरिस यांनीं पुढें कंपनीच्या गणवेषांची मापें काढलीं, तों ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षां मोठा निघाला. आणि हा फरक नोकरीस लागतांनाच थोडाफार होता! म्हणजे स्थूल मनुष्य आधींच बैठी नोकरी पत्करीत असावा. ही उपाधि त्यांनीं स्वतःच शोधून स्वतःच छापली. पायीं हिंडणारे टपालवाले आणि बसून काम करणारे कारकून यांच्यांतही तसाच भेद आढळला होता, म्हणून मूळ सिद्धांत टिकला. पण स्वतःच्या मताविरुद्ध पुरावा शोधण्याची ही वृत्ति आमच्या शास्त्रार्थसभांत क्वचितच दिसते. असो. डॉल यांच्या मंडळींत सारे एकाच धंद्याचे होते. जो अधिक ओढी तो अधिक मरे, आणि जो सोडी त्याचा धोका उतरे. अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळल्यावर बंधूंस बोलावयास जागा उरली नाहीं.

आम्ही विजयी मुद्रेनें सुपारी कातरूं लागलों, तों पुतणी म्हणाली, "काका, आतां आपल्या माजघराचें ऐका."

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांची अशीच नोंद ठेवली आहे. तेथील अर्भकें सरासरी २.७ किलोंच्या आसपास, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. पण हीं किरकोळ दिसणारीं बाळें नुसतीं बारीक नव्हेत. त्यांचें स्नायुमांस कमी पडतें आणि चरबी मात्र त्या मानानें टिकून राहते. पुढच्या मधुमेहाची तयारी येथूनच होत असावी. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत, त्यांचीं मुलें मोठीं निघालीं. बहुतांश मातांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. आणि तें कमी असून फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत, सहाव्या वर्षीं, इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति अधिक दिसली.

ब-१२ वनस्पतींत होत नाहीं. आम्हां शाकाहारी लोकांस तें दुधांतून मिळेल तेवढेंच, आणि वय वाढतां तें शोषण्याची शक्तीही कमी होते. गतवर्षीं आमच्या पायांस मुंग्या येत, त्याचें कारण हेंच निघालें होतें. सात्त्विक आहाराचा आम्हांस अभिमान आहे आणि तो आम्ही सोडणार नाहीं. परंतु जी उणीव पायांतून स्वतः सांगत आली, तिच्यापुढें वाद कसला घालावयाचा? गोळी रोज घेतों.

येथेंही उपाधि होतीच: भाजी खाणारीचें घर सुखवस्तु असेल. म्हणून मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून स्त्रियांना पालेभाजी, फळें व दूध घातलेला खाऊ देऊन पाहिला. मुलांचें वजन सरसकट वाढलें असें सिद्ध झालें नाहीं. मात्र गर्भधारणेच्या तीन महिने आधींपासून तो खाणाऱ्यांचीं मुलें सुमारें ४८ ग्रॅमनीं जड निघालीं, आणि गर्भारपणांतील मधुमेह शेंकडा १२ वरून ७ वर आला. आमच्याकडे मात्र सुनेचें कौतुक डोहाळजेवणाला, म्हणजे सातव्या महिन्यांत!

आणि पालेभाजी? ती आमच्या घरीं पुरुषांच्या पंगतींतच संपते. बायकांच्या पंगतीस आमटी-भात व उरलेली चटणी. हें आम्ही साठ वर्षें पाहत आलों आणि मोजलें मात्र एकदांही नाहीं.

धाकट्या चिरंजीवांचें लग्न मार्गशीर्षांत आहे. त्याआधींच पंगतींचा क्रम बदलावयाचा असें घरांत ठरलें, आणि गेल्या सोमवारपासून मुली-सुना आधीं जेवतात. बंधूंची सिगारेट चार दिवस सुटली होती, पांचव्या दिवशीं पुन्हा परसांत धूर दिसला. पण पाकिटाऐवजीं एकेक सुटी आणतात असें कळतें. मंगळवारीं त्यांच्या पानांत चाकवत पोंचला नाहीं, त्याची तक्रार अद्याप चालू आहे.