सुई कोणाच्या हातासाठी?

औषध स्वस्त झाले की आरोग्याचा प्रश्न निम्मा सुटला, अशी समजूत पुरोगामी वर्तुळांतही रूढ आहे. १९७५ साली हाथी समितीचा अहवाल आला तेव्हापासून औषधांच्या किमती आणि परदेशी कंपन्यांची मक्तेदारी ह्यांवर आपल्याकडे बरीच चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु ते औषध रोग्याच्या शरीरात ज्या साधनाने जाते, ते कोणाच्या हातांसाठी घडविले आहे, हा प्रश्न मात्र कंपन्यांच्या दालनांतच राहिला. तो चव्हाट्यावर आणण्याची वेळ आली आहे.

मधुमेहाचेच उदाहरण घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. ह्यांपैकी ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांतील गरिबाच्या वाट्याला बहुधा बाटली आणि सिरिंज येते. बाटली उलटी धरायची, दुसऱ्या हाताने बारीक दट्ट्या ओढायचा, हवेचे बुडबुडे टिचकीने घालवायचे आणि केसासारख्या रेषांवरून मात्रा वाचायची. त्यात आणखी एक घोटाळा आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन सामान्यतः एका मिलिलीटरला ४० युनिटांचे, तर पेनमधील १०० युनिटांचे असते. लाल टोपणाची सिरिंज पहिल्यासाठी, नारिंगी टोपणाची दुसऱ्यासाठी. ४० युनिटांचे औषध चुकून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने भरले तर हव्या त्या मात्रेच्या दोनपंचमांशच औषध पोटात जाईल. उलट चूक झाली तर अडीचपट. दुसरी चूक प्राणावर बेतू शकते.

आता हे काम करणारा रोगी कोण, ते पाहा. मधुमेह जुना झाला की तो डोळ्यांच्या पडद्यावर घाला घालतो, बोटांची संवेदना मंदावतो आणि पुष्कळदा हाताचे सांधे इतके ताठ करतो की दोन्ही तळवे नमस्कारासाठी नीट जुळत नाहीत. म्हणजे ज्या रोगावर हे औषध आहे, तोच रोग ते घेण्याचे कौशल्य हिरावून नेतो! संधिवाताने बोटे वाकलेली वृद्धा किंवा भांडुपच्या कारखान्यात यंत्राखाली बोट गमावलेला कामगार ह्यांची अवस्था आणखी बिकट. साधन मात्र तरुण, डोळस आणि चपळ माणूस गृहीत धरून बनविलेले असते.

ह्यावर उपाय अज्ञात आहे असे नाही. नोवो कंपनीने इन्सुलिनचे पहिले पेन १९८५ साली बाजारात आणले. पुढे दाबायची कळ बाहेर न येणारे आणि स्प्रिंगच्या जोरावर चालणारे पेन आले. संधिवातावरच्या एका महागड्या औषधाच्या सिरिंजसाठी तर युसीबी ह्या कंपनीने स्वयंपाकघरातील सुलभ मुठीच्या वस्तू बनविणाऱ्या ऑक्सो ह्या कंपनीची मदत घेतली. जाड मूठ, हलका दाब, ऐकू येणारा टिकटिक आवाज, मोठे आकडे ही रचना जगाला चांगली ठाऊक आहे. पेनवर सुई फिरवून बसविणे दुबळ्या बोटांना आजही अवघड जाते. पण तो प्रश्नही सुटण्यापलीकडचा नाही. प्रश्न ज्ञानाचा नाही, मालकीचा आहे.

पुरावा हवा असेल तर अलीकडच्या घटना पाहाव्यात. नोवो नॉर्डिस्कने दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी आरोग्यसेवेला ह्यूमन इन्सुलिनची पेने पुरविणे २०२४ साली थांबविले. उत्पादनक्षमता अपुरी असल्याचे कारण दिले. रोग्यांना पुन्हा बाटली आणि सिरिंजकडे वळावे लागले. २०२५ साली त्याच कंपनीने भारतातही ह्यूमन इन्सुलिनची पेनमधून घ्यावयाची उत्पादने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. बाटल्या तेवढ्या राहणार. आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजन घटविण्याचे तिचे महाग औषध भारतात आले ते मात्र अत्यंत सुलभ पेनमधून! १९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप ह्यांनी इन्सुलिनचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते. त्या दानाचे हे फलित आहे.

अर्थशास्त्रात 'प्रभावी मागणी' अशी एक संज्ञा आहे. ज्या गरजेच्या पाठीशी पैसा नाही, ती बाजाराच्या लेखी गरजच नव्हे. थरथरणाऱ्या गरीब हाताला बाजारात मत नाही, ते ह्यामुळे.

'पेन ही चैन आहे, घरातले कोणी टोचून देईल,' असे काही शहाणे म्हणतात. घरातले कोणी म्हणजे बहुधा सून किंवा मुलगी. सकाळची गाडी पकडण्यासाठी ती पहाटेच बाहेर पडते. तिच्या फुकट श्रमावर उभारलेली काटकसर ही काटकसर नव्हे. चुकलेल्या मात्रेमुळे इस्पितळात पडणारी खाट आणि कापावा लागणारा पाय ह्यांचा खर्च कोणाच्या खाती धरायचा, हेही ह्या हिशेबनिसांनी सांगावे.

ह्या प्रश्नाचे उत्तर उपनगरांतच सापडण्यासारखे आहे. पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र १९६९ पासून आहे. तेथेच राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने वैद्यकीय उपकरणांचे 'बेटिक' हे केंद्र उभे राहिले. परळला राज्याच्या मालकीचे हाफकिन जीव-औषध महामंडळ आहे. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, बोरिवलीचे भगवती ही पालिकेची रुग्णालये आणि मुलुंड, कांदिवलीची कामगार विमा रुग्णालये येथे रोगीही आहेत आणि खरेदीची ताकदही. बुद्धी, कारखाना आणि ग्राहक, तिन्ही सार्वजनिक. त्यांना एकत्र आणणारी इच्छाशक्ती तेवढी नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पालिकेच्या व कामगार विमा योजनेच्या खरेदीत केवळ सर्वांत कमी दर हा निकष न ठेवता ताठ बोटांच्या आणि मंद दृष्टीच्या रोग्यांकडून साधनाची चाचणी सक्तीची करावी. सार्वजनिक पैशातून झालेली रचना एकाच कंपनीच्या हाती न देता सर्व उत्पादकांना खुली ठेवावी. २०१७ साली हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घालता आली, तर इन्सुलिनच्या पेनवर आणि त्याच्या सुईवर ती का घालता येऊ नये? दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे ४३ वे कलम सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला व वितरणाला उत्तेजन देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. इंजेक्शनचे साधन त्यातून वगळण्यास कोणते कारण आहे, हे शासनाला विचारले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील रुग्णालयाच्या औषधखिडकीपाशी चार सकाळी उभे राहावे, बाटली घेऊन परतणाऱ्यांचे हात पाहावेत, त्यांच्या अडचणी नोंदवून घ्याव्यात आणि ती नोंद घेऊन पालिकेच्या आरोग्य खात्याकडे मोर्चाने जावे. औषधावरचा हक्क रोग्याच्या हातात साधन नीट बसेपर्यंत अपुराच राहतो.