‘मी काम केलो’ची बाजू
(बी.कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या महाविद्यालयात मराठी निबंधाच्या वह्या तपासून परत आल्या की लाल शाईच्या रेघा बहुधा ठरावीक जागीच दिसतात. ‘मी अभ्यास केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’, ‘मी वडिलांना सांगितलो’. प्राध्यापक रेघ मारतात, वर ‘केला’, ‘वाचले’, ‘सांगितले’ असे लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. विद्यार्थी ते पाहतो, वही मिटतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा ‘केलो’च लिहितो. मग ‘सीमाभागातल्या मुलांना व्याकरण येत नाही’ हे ठरलेले वाक्य कानांवर पडते. माझे म्हणणे असे की, या मुलांना व्याकरण येते. फक्त ते दोन भाषांचे येते, आणि त्यांतल्या कोणत्या भाषेचा नियम कुठे लावायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

जरा उलगडून पाहू. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते. मी काम केले, मी स्वयंपाक केला, मी चूक केली. ‘मी’ तोच, पण क्रियापद तीन तऱ्हांनी बदलले. यालाच आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केले. आता कन्नड पाहा. ‘नानु केलस माडिदे’, म्हणजे मी काम केले. (‘केलस’ म्हणजे काम. मराठी कानाला ते ‘केलास’सारखे वाटते आणि त्यावरून वर्गात विनोदही होतात.) ‘केलस’च्या जागी ‘अडिगे’, म्हणजे स्वयंपाक, घाला, तरी ‘माडिदे’ जागचे हलत नाही. ते बदलते कर्ता बदलला तर. ती असेल तर ‘माडिदळु’, आम्ही असू तर ‘माडिदेवु’. इंग्रजीतही कर्माला क्रियापदावर असा अधिकार नाही. म्हणजे आपल्या डोक्यात नांदणाऱ्या तीन भाषांपैकी दोन भाषा सांगतात, ‘कर्त्याकडे बघ’. बेळगावच्या बोलीने पिढ्यान् पिढ्या कन्नडच्या शेजारी राहून तेच केले. ‘मी काम केलो’ हा गचाळपणा नव्हे. तो एक नियम आहे आणि आमच्या गल्लीत तो काटेकोर पाळला जातो.

आणि गंमत अशी की, प्रमाण मराठीही या बाबतीत अगदी सोवळी नाही. ‘मी कविता विसरलो’, ‘मी कन्नड शिकलो’, ‘मी पाणी प्यालो’. येथे कर्म समोर उभे असूनही क्रियापद कर्त्याशीच जुळते, आणि ही वाक्ये पुण्यातही शुद्ध आहेत. ‘तू काम केलेस’ यात तर ‘केले’ कर्माचे आणि ‘स’ कर्त्याचा! व्याकरणात त्याला कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव आहे. हे एकदा फळ्यावर लिहून दाखविले तर ‘विसरलो चालते, मग केलो का नाही?’ हा प्रश्न कोणीतरी नक्की विचारील. तो प्रश्न विचारणाऱ्याला त्या दिवसापासून कर्मणी प्रयोग समजू लागेल, असे मला वाटते. नुसत्या लाल रेघेने तो समजत नाही.

याचा अर्थ ‘केलो’ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चालू द्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. निबंध दूरच्या वाचकासाठी असतो. नागपूरच्या किंवा इंदूरच्या माणसाला तो अडखळता वाचता आला पाहिजे, असे आपण म्हणणार नाही. तेथे प्रमाण भाषाच हवी. पण घरची बोली चुकीची ठरवून ती शिकविणे वेगळे आणि घरच्या बोलीशेजारी ठेवून ती शिकविणे वेगळे. पहिल्या रीतीने मुलगा लिहायलाच भितो. आमच्या वर्गात असे काही मित्र आहेत की, बोलायला लागले तर सहकारी पतपेढीच्या कारभारावर अर्धा तास मुद्देसूद बोलतील. पण कागद पुढे ठेवला की चार ओळींत आटोपतात, कारण पाचव्या ओळीत काहीतरी चुकेल!

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. कन्नडात ‘कुडि’ म्हणजे पी आणि ‘कूडि’ म्हणजे मिळून. उच्चारात फरक केला नाही तर घोटाळा होतो, म्हणून कान तयार होतो. मराठीत उच्चारावरून ऱ्हस्व-दीर्घ ओळखू म्हणाल तर फसाल. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘पूर’ पण ‘पुराने’. येथे नियमच हवा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे एकूण अठरा नियम आहेत. मन लावले तर दोन-तीन तासांचे काम. त्याचा एवढा बाऊ कशाला होतो, कोण जाणे.

मला खरी काळजी वाटते ती व्याकरणाची नाही, निबंधाची. मार्गदर्शकातील निबंध पाठ करून दहावी सुटते. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात, मधे दोन सुभाषिते, शेवटी ‘म्हणूनच म्हटले आहे की’. विषय शिस्त असो, वृक्षारोपण असो की वेळेचे महत्त्व, साचा तोच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली ती लोकांशी वाद घालण्यासाठी. आपल्या निबंधाशी वाद घालावा असे त्यात काही नसते. ‘वेळ अमूल्य आहे’ या वाक्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्याऐवजी असे वाक्य घ्या: ‘सकाळी आठचा पहिला तास साडेआठला ठेवावा.’ आता याला ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ निघतील आणि येथेच निबंध सुरू होतो. येळ्ळूर, कडोली, किणये या बाजूंनी बसने येणारी मुले पहिल्या तासाला का पोचत नाहीत, ते सांगावे लागेल. हजेरीपटातील पहिल्या आणि दुसऱ्या तासाचे आकडे शेजारी मांडावे लागतील. दुपारी नोकरीवर जाणाऱ्या मुलांना अर्धा तास उशीर परवडत नाही, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा टाळून चालणार नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे अवघड जाऊ नये. किर्दीत प्रत्येक नोंदीखाली आपण स्पष्टीकरण लिहितोच, आणि पावतीशिवाय खर्च दाखविला तर हिशेबतपासनीस कान पकडतो. निबंधात मात्र पावती नसलेली विधाने पानभर खपतात.

आणखी एक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे, ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. कन्नडच्या ‘नावु’त किंवा इंग्रजीत हा भेद नाही. इतकी नेमकी सोय हाताशी असताना निबंधात आपण ती वाटेल तशी उधळतो. ‘आपण मराठी माणसे’, ‘आपली मातृभाषा’, ‘आपण सारे जाणतोच’. हा अंक कन्नड विभागातील मित्रही वाचतात. त्यांतल्या कित्येकांना मराठी उत्तम येते. त्या ‘आपण’मध्ये ते आहेत की नाहीत? नसतील तर ‘आम्ही’ लिहावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी. असतील तर पुढचे वाक्य त्यांनाही मान्य होईल असे असावे. या गावात १९५६ पासून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांवरून काय काय झाले, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सर्वनामाचा प्रश्न येथे केवळ पाच गुणांचा नाही.

म्हणून मराठी आणि कन्नड विभागांच्या प्राध्यापकांना एक विनंती. पंधरवड्यातून एक तास दोघांनी मिळून घ्यावा. फळ्याच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला कन्नड. ‘मी चहा केला’ आणि ‘नानु चहा माडिदे’. कन्नड मित्रांची अडचण आमच्या नेमकी उलट आहे. त्यांच्याकडे निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. आमच्याकडे मात्र बँक ती, चेक तो आणि बिल ते! हे असे का, याचे उत्तर आम्हांलाही देता येत नाही. त्या तासाला तेच विचारतील, आम्ही ‘केलो’चे विचारू. शेवटची वीस मिनिटे दोन्ही बाजूंनी एकाच विषयावर दहा-बारा ओळी लिहाव्यात आणि वह्या बदलून वाचाव्यात. पहिला विषय म्हणून आठच्या तासाचा घ्यायला हरकत नाही; त्यावर दोन्ही विभागांत मतभेद आहेतच. शनिवारी दुपारी सोळा क्रमांकाची खोली रिकामी असते.