पत्ता नसलेले दप्तर

संगणकात ठेवलेला कागद पुन्हा सापडावा कसा, हा प्रश्न आता केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाही. शाळेची निकालपत्रके, कचेरीतील टिपणे, विद्यार्थ्यांचे प्रबंध असे सारेच संगणकाच्या पोटात जाऊ लागल्यापासून तो लिहिण्यावाचण्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाचा झाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम रचणारे गेली तीस-पस्तीस वर्षे त्याचे एकच उत्तर निरनिराळ्या शब्दांत देत आहेत. फाइल कोठे ठेवली हे माणसाने लक्षात ठेवण्याचे कारण नाही. त्याने मागावी आणि यंत्राने आणून द्यावी. उत्तर आकर्षक आहे. ते अपुरेही आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर पुष्कळदा ते चक्क खोटे ठरते.

फोल्डरात फोल्डर आणि त्यात फाइल ही वृक्षासारखी रचना मल्टिक्स या प्रणालीसाठी योजली गेली. एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या या संयुक्त उपक्रमाचा आराखडा १९६५ साली प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा त्यातून बाहेर पडली आणि तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली. वृक्ष तीत कायम राहिला. पण तीत एक शहाणपण होते, ते आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. युनिक्समध्ये नाव फाइलला चिकटलेले नसते. ते फोल्डरातील केवळ एक नोंद असते आणि म्हणून एकाच फाइलची दोन ठिकाणी दोन नावे असू शकतात. एखाद्या शिक्षकाच्या बदलीचा आदेश ‘बदल्या’ या फोल्डरातही आणि त्या शिक्षकाच्या नावाच्या फोल्डरातही, नक्कल न करता, राहू शकतो. कागदी दप्तराला हे कधीच साधले नाही. तेथे कागद एका रुमालात बांधला, की दुसऱ्यात त्याची नक्कल तरी ठेवावी लागते किंवा चिठ्ठी. पुढे १९८१ च्या झेरॉक्स स्टारने आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने पडद्यावर कचेरीतील टेबलाचे चित्र रुळविले, आणि त्या चित्राबरोबर कागदाची ही मर्यादाही संगणकात शिरली. एक वस्तू एकाच जागी असते, ही समजूत पक्की झाली.

तिच्याविरुद्धचे बंड सकारण होते. १९९१ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी अशी रचना मांडली, की फोल्डर हे ठेवण्याचे ठिकाण न राहता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर व्हावे. अमुक लेखकाची पत्रे मागितली, की तेवढ्यांचाच एक फोल्डर तात्पुरता तयार होई. येल विद्यापीठातील डेव्हिड गेलर्न्टर व एरिक फ्रीमन यांनी १९९० च्या दशकात फोल्डर बाजूला सारून सारे कागद काळाच्या एका ओघात लावून पाहिले. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये विनएफएस या नावाने याहून मोठा घाट घातला. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोजच्या आगामी आवृत्तीतून ती वगळण्यात आली आणि जून २००६ मध्ये ती स्वतंत्रपणेही निघणार नाही, हे जाहीर झाले.

अशा योजनांपुढील खरी अडचण यंत्राच्या ताकदीची नाही. कागदाला विषय, व्यक्ती, प्रसंग यांची लेबले लावायची कोणी, ही आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले, ते कोणी तरी एकेक कागद वाचत बसले म्हणून. कचेरीतील कारकुनाला सायंकाळी साडेपाचला तेवढी उसंत नसते.

म्हणून लेबले मागे पडली आणि शोध पुढे आला. ॲपलने २००५ मध्ये मॅकमध्ये स्पॉटलाइट आणले. फाइलींतील शब्दांची सूची यंत्रच करू लागले. २००७ च्या आयफोनने तर फाइलींची रचना वापरणाऱ्याच्या नजरेआडच केली. तिचे दर्शन घडविणारे फाइल्स हे ॲप २०१७ मध्ये द्यावे लागले, ही माघार बोलकी आहे. दरम्यान एक पिढी फोल्डर न पाहताच मोठी झाली. फाइल अमुक ठिकाणी ‘असते’ ही कल्पनाच विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागते, असे अमेरिकेतील काही प्राध्यापक २०२१ मध्ये सांगू लागले होते. त्यात विद्यार्थ्यांना हसण्याजोगे काही नाही. ज्याला पत्ताच दाखविला नाही, त्याने तो सांगावा कसा? प्रश्न हक्काचा आहे. अशा फोनवर कागद ॲपच्या पोटात राहतो, आणि ॲप काढून टाकले की त्यातच ठेवलेला कागदही जातो.

मराठीपुरता शोधाचा भरवसा आणखी पोकळ आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. तरीही त्यानंतर अनेक वर्षे मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकलिखित झाला, त्यांत अक्षराचा संकेत रोमन आणि आकार तेवढा देवनागरी अशी तऱ्हा होती. माणसाला ‘वार्षिक अहवाल’ दिसतो. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असते. शोधाच्या चौकटीत ‘अहवाल’ लिहिले, तर ती फाइल कधीही वर येणार नाही. नुसता शब्द जुळविणाऱ्या शोधाला युनिकोडमधील मजकुरातही ‘परीक्षा’ मागितल्यावर ‘परिक्षा’ लिहिलेला कागद सापडत नाही. ऱ्हस्वदीर्घाची इतकी कडक शिक्षा तर मराठीचे परीक्षकही देत नाहीत!

अशा जुन्या फाइलींपर्यंत नेणारी वाट म्हणजे फोल्डर आणि फाइलीचे नाव, एवढीच उरते. आज शाळा, ग्रंथालये आणि कचेऱ्या जुने संगणक मोडीत काढून साठा नव्या यंत्रणेत ढकलत आहेत, आणि ‘शोधले की मिळेल’ या भरवशावर फोल्डरांची उतरंड सपाट केली जाण्याचा धोका आहे. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांचे काम नजरेखालून घालायला मात्र शुद्धलेखन जाणणारा माणूस लागतो, आणि त्याच्या वेतनाची तरतूद स्थलांतराच्याच खर्चात व्हावयास हवी. ते काम होईपर्यंत एकाही फोल्डराचे नाव पुसले जाता कामा नये.