फुंकर आणि कपाट

आदिलाबादेत माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला की पहिला इलाज ठरलेला: कॅसेट काढा, फुंकर मारा, पुन्हा बसवा. खेळ सुरू होतो आणि श्रेय फुंकरीला मिळते! वास्तविक कॅसेट पुन्हा बसवल्यानेच संपर्क जुळतो. तोंडातल्या ओलाव्याने मात्र तिच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या या नकला; कॅसेटला ६० पट्ट्या. त्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसाव्यात, वाळू द्याव्यात. तरीही पडदा काळाच राहिला तर अ‍ॅडॅप्टर मल्टिमीटरने तपासावा. मल्टिमीटर आमच्या प्रयोगशाळेत आहे, पण ते परीक्षेपुरतेच कपाटाबाहेर येते. मग विज्ञानाचा विद्यार्थीही फुंकरच मारणार! शनिवारी दुपारी ते कपाट उघडे असावे, एवढीच मागणी आहे.