स्वस्त औषधाची खात्री कोण देणार?

भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत माझे औषधाचे दुकान आहे. संध्याकाळी पाळी सुटली की काउंटरवर गर्दी होते. बारा तास मागावर उभा राहिलेला कामगार चिठ्ठी पुढे करून आधी विचारतो, कितीला पडेल? पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची किंमत ऐकून म्हणतो, आज दोन दिवसांचे द्या, बाकीचे पगार झाल्यावर. मग ताप उतरतो आणि बाकीचे राहूनच जाते. अर्धवट मारलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत.

अशा गिऱ्हाईकाला मी जेनेरिक सुचवतो. जनऔषधी केंद्रांची औषधे तर ब्रँडेडपेक्षा 50 ते 80 टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. पण हल्ली पट्टी हातात घेऊन लोक विचारतात, "भैया, असली है ना?"

हा संशय निराधार नाही. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सिप्रोफ्लॉक्सासिनचे नमुने मार्च 2023 मध्ये तपासणीला गेले. अहवाल आला डिसेंबरमध्ये: गोळीत औषधच नव्हते. पुढे पोलिसांच्या आरोपपत्रात टाल्कम पावडर आणि स्टार्चचा उल्लेख आला. डिसेंबर 2024 मध्ये अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील बनावट अझिथ्रोमायसिनबद्दल गुन्हा दाखल झाला. त्यात भिवंडीच्या एका पुरवठादाराचेही नाव आले. आम्हा भिवंडीकर औषध व्यावसायिकांना याची लाज वाटली पाहिजे.

अहवाल यायला नऊ महिने लागले, तर तोवर गोळ्या रुग्णांच्या पोटात गेलेल्या असतात. म्हणून तपासणी वाटपाच्या आधी हवी. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तिथे आलेला माल गोदामात बाजूला ठेवतात, प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पास झालेली बॅचच रुग्णालयांना मिळते. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. पण मध्यवर्ती पुरवठा रखडला की रुग्णालये स्थानिक खरेदीवर येतात, आणि बनावट माल शिरायला तीच वाट सोयीची.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. निर्णय चांगलाच आहे, पण मोफत मिळालेली गोळी खडूची निघाली तर गरिबाची मजुरी बुडते, आजार बळावतो आणि जीवही जाऊ शकतो. त्यामुळे माझी मागणी साधी आहे. स्थानिक खरेदीसह प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय वाटू नये आणि तिचा अहवाल औषध खिडकीजवळ मराठी, हिंदी व उर्दूत लावावा. आमच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. अन्न व औषध प्रशासनाला पुरेसे निरीक्षक आणि प्रयोगशाळा द्याव्यात. स्वस्त औषधांचे काउंटर रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे, कारण मागावरचा माणूस दिवसा येऊ शकत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे: बिलाशिवाय माल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. आणि ग्राहकांनो, बॅच नंबर लिहिलेले पक्के बिल मागा. ते देणे दुकानदाराचे कर्तव्य आहे.