स्वामित्वधन कुणाचे?

इंग्रजीतल्या 'रॉयल्टी'साठी आपल्या शासनव्यवहाराने 'स्वामित्वधन' हा शब्द योजला आहे. शब्द मोठा अर्थवाही आहे. जो स्वामी, त्याची वस्तू दुसऱ्याने नेली म्हणून त्याला मिळणारे धन ते स्वामित्वधन. मग अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा, मुळा, गोदावरी, सीना आणि भीमा यांच्या पात्रांतून उपसल्या जाणाऱ्या वाळूचा स्वामी कोण? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नदीचे पात्र शासनाचे आणि कलम ४८ नुसार खनिजेही शासनाची. स्वामी मुंबईत, म्हणून धनही मुंबईच्या तिजोरीत. मात्र वाळू गेल्यावर मागे राहणारे खड्डे, उखडलेले रस्ते आणि खोल गेलेल्या विहिरी यांचे स्वामित्व निर्विवादपणे काठच्या गावाचे!

वाळू हे केवळ बांधकामाचे साहित्य नव्हे. पावसाळ्यात ती पाणी मुरवून घेते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना ते हळूहळू देत राहते. तो थर ओरबाडला की पात्र खाली जाते, विहिरीतले पाणी नदीकडे ओढले जाते आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पाये उघडे पडतात. हाती सातबारा, बांधावर मोटार, पण विहिरीत पाणी नाही, ही अवस्था ज्या शेतकऱ्यावर येते, त्याने वाळूचा एक कणही विकलेला नसतो.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत खासगी जमिनीखालचे खनिज मुळात जमीनमालकाचे मानले जाते. तेलविहिरी आता सरळ खाली जाऊन मग आडव्या वळतात आणि जमिनीच्या पोटातून मैल-दोन मैल धावतात. विहिरीचे तोंड एकाच्या शेतात, तेल मात्र दहा जणांच्या शेतांखालचे. अशा वेळी वरच्या प्रत्येक मालकाला त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटा मिळतो. परंपरेने तो एक-अष्टमांश मानला जात असे. आपल्याकडे ती व्यवस्था जशीच्या तशी आणावी, असे कुणी म्हणणार नाही. पण तिच्यातला न्याय ओळखीचा आहे. आपल्या विहिरीत मारलेले आडवे बोअर शेजाऱ्याच्या रानाखाली गेले तर गावात तंटा उभा राहतो. नदीतला बेसुमार उपसा म्हणजे काठच्या प्रत्येक विहिरीत बाहेरून मारलेले आडवे बोअरच होय. तंटा मात्र कुणाशी करायचा, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते.

हाच न्याय राज्ये स्वतःसाठी मागतात, हे विशेष. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. परंतु राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे ते केंद्राचे असल्याने त्याचे स्वामित्वधन महाराष्ट्राला मिळत नाही. जमिनीवरच्या खनिजांबाबत राज्यांनी दीर्घकाळ झुंज दिली. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. राज्यांचा युक्तिवाद न्यायाला धरून होता. पण दिल्लीने राज्याला डावलू नये, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईने गावाला डावलावे, हे कोणत्या न्यायात बसते?

धोरणे काही कमी झाली नाहीत. १ मे २०२३ रोजी राज्यातील पहिला शासकीय वाळू डेपो याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे सुरू झाला. ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा झाली. दोन वर्षांच्या आत, एप्रिल २०२५ मध्ये, ती पद्धत गुंडाळून शासन पुन्हा लिलावाकडे वळले. घरकुलांसाठी पाच ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद झाली, ती स्वागतार्ह आहे. परंतु दोन्ही वेळा बदलला तो विक्रेता आणि भाव. गावाचे स्थान बदलले नाही. ग्रामपंचायतीच्या वाट्याची भाषा अधूनमधून ऐकू येते, पण शासन निर्णयाने मिळते ते शासन निर्णयानेच जाते. त्याला सवलत म्हणतात, हक्क नव्हे.

'नदी एका गावाची नाही', असा आक्षेप घेतला जाईल. तो मान्यच आहे. पण मग ती शासनाचीही खासगी मालमत्ता नाही. नदीसारख्या संपत्तीचे शासन हे विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या प्रकरणात, कमलनाथ खटल्यात, सांगितले आहे. ठेवीचे भाडे घ्यायचे आणि ठेव झिजू द्यायची, याला विश्वस्ताचा धर्म म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाच्या हाती पैसा गेला तर ग्रामपंचायतच वाळूवाल्यांच्या खिशात जाईल, असे म्हणतात. धोका खरा आहे. पण आजची व्यवस्था त्यांना रोखू शकली आहे काय? कलम ४८ मध्ये बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहनजप्तीही आहे. तरी मध्यरात्री नदीपात्रात उतरणारा तलाठी एकाकीच असतो. गावाचा हिस्सा असेल तर गाव त्याच्या पाठीशी उभे राहील. ज्यात आपले काही नाही, त्याची राखण कोण करतो?

हे या जिल्ह्याला शिकवावे लागू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवराकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस घालणारा शेतकरी केवळ पुरवठादार न राहता भागधारक झाला. वाळूच्या बाबतीत तेच तत्त्व का नको?

मागण्या तीनच आहेत. स्वामित्वधनाचा निश्चित हिस्सा कायद्याने थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जावा आणि तो आधी बंधारे व विहिरींच्या पुनर्भरणावर खर्च व्हावा. उपशापूर्वीचे आणि नंतरचे पात्राचे मोजमाप ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावे. आणि ग्रामसभेचा नकार बंधनकारक असावा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजांसाठी ग्रामसभेची पूर्वशिफारस अनिवार्य केली आहे. प्रवरा उगम पावते त्या अकोले तालुक्यातील अनुसूचित गावांना जो मान मिळतो, तो त्याच नदीकाठच्या खालच्या गावांना का मिळू नये?

नद्यांवर घाट बांधणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव २०२४ पासून हा जिल्हा अभिमानाने मिरवतो आहे. त्या नावाची जबाबदारीही आपण घ्यावयास हवी. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि नदीकाठच्या प्रत्येक कुटुंबाने पुढील ग्रामसभेत उभे राहून लेखी विचारावे : आमच्या हद्दीतून किती ब्रास वाळू गेली, तिचे स्वामित्वधन किती जमा झाले आणि त्यातले गावाला किती मिळाले? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नये.