दिवाळीला यायचं की मतदानाला? गलाई बांधवांचा पेच

सांगोला, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली अनेक कुटुंबं गलाई व्यवसायासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर विखुरली आहेत. गावी येणं होतं ते दिवाळीला, नाहीतर यात्रेला. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे एकतर जवळपास तीन आठवडे धंदा बंद, नाहीतर पुन्हा तिकीट काढून दुसरी फेरी.

फिलिपिन्सचे परदेशी राबणारे कामगारही नाताळला घरची वाट धरतात. पण २००३ च्या कायद्यामुळे ते राष्ट्रीय निवडणुकीत परदेशातूनच मत देऊ शकतात. भारतात जानेवारी २०२३ मध्ये 'रिमोट ईव्हीएम'चा प्रस्ताव पक्षांसमोर आला, विरोधकांनी आक्षेप घेतले आणि २०२४ जुन्याच पद्धतीने पार पडलं. नाव कामाच्या शहरात हलवता येतं, पण मग गावच्या ग्रामपंचायतीतलं मतही जातं.